ढोल आधी वाजला

तिसऱ्या बैठकीत, रात्री साडेनऊच्या सुमाराला, मी फोनवर बोट टेकवलं आणि स्पीकरमधून ढोल सुरू झाले. तोंडातून अजून एक शब्द बाहेर पडला नव्हता. चौघं वाड्याच्या मागच्या पडवीत उभे होते. कंदील एकच. विहिरीकडची वाट अंधारात. विहिरीच्या काठावरून काहीतरी वर येणार होतं आणि ते मला हळूहळू सांगायचं होतं. आधी ओलसर, शेवाळी वास, मग दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज, मग कंदिलाच्या उजेडाच्या कडेला...

"मी पिस्तूल काढतो," पोस्टमास्तर म्हणाला.

"कशावर?"

"ते माहीत नाही. पण येतंय ना काहीतरी?"

"तुला कसं कळलं?"

त्यानं कपाटावरच्या स्पीकरकडे बोट दाखवलं. "ढोल वाजले."

सगळे हसले, मीही हसले. वास आणि घासल्याचा आवाज सांगायचा राहूनच गेला. विहिरीतून जे वर आलं त्याच्याकडे आधीच तीन बंदुका आणि एक काठी रोखलेली होती.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि एकजण जग चालवतो. खेळाडू आपलं पात्र काय करतं ते तोंडानं सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये बाजारात आला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. आम्ही खेळत होतो तो 'कॉल ऑफ कथुलू', केओसियम या अमेरिकन कंपनीनं १९८१ मध्ये काढलेला भीतीचा खेळ. यात तलवारी चालवणारे वीर नसतात. साधी माणसं असतात आणि त्यांच्या मनाचा तोल हळूहळू ढळतो, त्याचाही आकडा कागदावर असतो. फासे शंभराच्या हिशेबाचे. आपल्या कौशल्याच्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी पडले की जमलं. जग चालवणाऱ्याला या खेळात 'कीपर' म्हणतात. आम्ही सूत्रधार म्हणतो, कारण काम तेच आहे.

सूत्रधार मी, आणि कथाही मीच रचली होती. काळ १९२०च्या दशकातला, ठिकाण कोकण किनारा. मे महिन्याचा शेवट, हंगामातली शेवटची आगबोट. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद असायची, त्यामुळे ही चुकली की चार महिने अडकलात. वादळामुळे बोट बंदराला लागत नाही आणि चौघं अनोळखी प्रवासी एका खोताच्या रिकाम्या वाड्यात रात्र काढतात. एक पोस्टमास्तर, एक वार्ताहर, आगबोटीवरचा एक खलाशी आणि एक डॉक्टर. खेळणाऱ्यांना मी इथे याच नावांनी हाक मारते. खरी नावं सांगण्यात अर्थ नाही, आणि गेल्या वर्षभरात आम्ही एकमेकांना तशीच हाक मारायला लागलोय. पोस्टमास्तरच्या घरी, पुण्यात, दर दुसऱ्या शनिवारी बैठक. डॉक्टर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, वार्ताहरच्या सोसायटीतले काका. वयानं आमच्या दुप्पट, फासे सगळ्यांत हौसेनं टाकणारे.

संगीताची तयारी मी तीन आठवडे केली होती. चाळीसेक तुकडे, सात याद्या: प्रवास, शोध, संशय, भीती, पळापळ, लढाई, शोक. आता ती यादी वाचताना मला स्वतःचीच दया येते. 'संशय' आणि 'भीती' यांच्यात मी काय फरक केला होता ते आज सांगता येणार नाही.

पहिल्या बैठकीतल्या चुका सगळेच करतात, म्हणून भराभर सांगते. सिनेमाचं पार्श्वसंगीत लावलं, तर दहाव्या सेकंदाला खलाशानं सिनेमाचं नाव सांगितलं आणि मग तो सिनेमा किती भंगार होता यावर पाच मिनिटं गेली. ओळखीचा तुकडा आपलं सगळं सामान घेऊन घरात शिरतो. शब्द असलेलं गाणं लावलं, तर माझी वाक्यं आणि गाण्याची वाक्यं एकमेकांच्या अंगावर येऊन पडली. फुकटच्या अ‍ॅपवर ऐकत होतो, त्यामुळे खोताच्या बायकोच्या मरणाची हकीकत चालू असताना मधेच टूथपेस्टची जाहिरात आली. यावरचे उपाय सोपे आहेत. तुकडे फोनवर उतरवून घ्या, शब्द नसलेले घ्या, ओळखीचे टाळा. खास या खेळांसाठी बनवलेला मालही भरपूर मिळतो. 'टेबलटॉप ऑडिओ'वर दहा-दहा मिनिटांचे आवाजपट फुकट आहेत, 'सिरिनस्केप'मध्ये पाऊस, पावलं, कुजबुज वेगवेगळी वर-खाली करता येते. २००३ मध्ये तर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नावानं 'मिडनाइट सिंडिकेट' या गटाची अधिकृत ध्वनिमुद्रिकाच आली होती. म्हणजे ही हौस माझ्या एकटीची नाही.

दुसऱ्या बैठकीला मी शहाणी झाले होते, म्हणजे निराळ्या प्रकारे मूर्ख. कोकणातल्या कथेला युरोपातल्या वाद्यवृंदाचं काय काम, आपल्याकडे वेळेनुसार राग ठरलेले असताना? असा विचार करून सूर्य बुडतानाच्या प्रसंगाला मारवा लावला. कागदावर ही निवड आजही मला बिनचूक वाटते. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि षड्ज असून नसल्यासारखा, गाणारा त्याच्या आजूबाजूला फिरत राहतो पण टेकत नाही. घरी परत जाता न येणाऱ्या माणसांच्या प्रसंगाला आणखी काय हवं?

झालं असं, की वार्ताहर लहानपणापासून गाणं शिकलेली. आलाप सुरू झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला तिनं डोळे मिटले. मी विचारलं, "पडवीत एक जुनी पेटी दिसते, तू उघडतेस का?" ती म्हणाली, "थांब गं, काय रिषभ लावलाय!" आणि ती बरोबर होती. त्या क्षणी माझ्या पेटीपेक्षा तो रिषभ जास्त ऐकण्यासारखा होता. चांगला राग आपल्या गतीनं उलगडतो, त्याला श्रोता लागतो. टेबलावरचा प्रसंग मात्र खेळाडूंच्या मर्जीनं चालतो. कधी दोन मिनिटांत संपतो, कधी पेटीच्या कुलपावर वीस मिनिटं जातात. नंतर मालकंसाचाही विचार केला होता. रात्री उशिरा मालकंस गायला की भुतं ऐकायला येतात असं जुनी माणसं म्हणतात. पण वार्ताहरनं आधीच बजावलं, "मालकंस लावलास तर मी खेळणार नाही, ऐकत बसेन."

मग नुसता तंबोरा. खर्जात, मंद. वाटलं, हा कुणाच्या अध्यातमध्यात येणार नाही. आणि थोडी अस्वस्थता यावी म्हणून एक तार मुद्दाम किंचित उतरवून ठेवली. अ‍ॅपमध्ये ते करता येतं. दोन तारांत दोन हर्ट्झचा फरक ठेवला की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, एखाद्या आजारी श्वासासारखे. पोस्टमास्तर, खलाशी आणि काकांना काहीही जाणवलं नाही. वार्ताहरला अकरा मिनिटं सहन झालं, मग ती उठली आणि म्हणाली, "एक तर तो तंबोरा जुळव, नाही तर मी जुळवते." एकाच खोलीत एकीला दातदुखीइतका त्रास आणि तिघांना शून्य. नाट्यपदांच्या वाटेला मी गेलेच नाही. पुण्यात पाच माणसं एकत्र बसली असताना नाट्यपद लावलं तर पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता परत तिसऱ्या बैठकीतल्या ढोलांकडे.

त्या रात्री चहाच्या वेळी मी पोस्टमास्तरशी भांडले. तुझ्या पात्राला ढोल ऐकू येत नाहीत, मग त्यानं पिस्तूल का काढलं? तो म्हणाला, "मान्य. पण मला ऐकू आले ना. आता न ऐकल्यासारखं कसं करू?" मी म्हटलं, नाटक-सिनेमात हेच तर करतात, संकट यायच्या आधी संगीत बदलतं. त्यावर तो जे बोलला त्यामुळे हे लिहायला बसले आहे. "तिथे मी खुर्चीत बसलेला असतो. मला कळलं तरी मी काही करू शकत नाही, म्हणून तर जीव वर-खाली होतो. इथे मला कळलं की मी करणारच."

मला एकदम दशावतार आठवला. आजोळी, देवळाच्या पटांगणात रात्रभर चालणारा. लिखित संहिता नाही, नट ऐनवेळी संवाद रचत जातात आणि पेटी, मृदंग, झांज त्यांच्या मागोमाग चालतात. आमच्या खेळाच्या सगळ्यांत जवळचा प्रकार तोच. राक्षस यायचा तेव्हा मृदंगाचा बाज बदलायचा आणि आम्ही पोरं आजीच्या पदराआड. राक्षसासमोर उभ्या असलेल्या राजाला मात्र त्याचा पत्ता नसायचा. बातमी प्रेक्षकाला, संकट राजाला. टेबलावर प्रेक्षक आणि राजा एकाच खुर्चीत बसलेले असतात. मी वाजवलेला प्रत्येक तुकडा ही त्याच्या हातात दिलेली चिठ्ठी असते. मी वातावरण निर्माण करतेय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी माझ्याच कथेची चुगली करत होते.

कळलं, पण वळलं चुकीच्या बाजूला. चौथ्या बैठकीत मी सूड घेतला. ढोल वाजवले आणि काहीच आलं नाही. खेळाडूंनी बंदुका काढल्या, कोपरे धरले, दहा मिनिटं श्वास रोखून बसले, शेवटी माळ्यावरून एक मांजर खाली उतरलं. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. पुढच्या तासात खरंच संकट आलं, तेव्हा 'भीती' यादीतला उत्तम तुकडा चालू होता आणि खलाशी बिस्किट बुडवत म्हणाला, "मांजर असेल." एकदा खोटं बोललेल्या संगीतावर नंतर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि विश्वास नसलेलं संगीत म्हणजे नुसता आवाज.

त्याच बैठकीत प्रकरणाचा दुसरा भाग उघडकीला आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

दुसऱ्या बैठकीपासून काका गप्प झाले होते. पहिल्या दिवशी प्रत्येक दार स्वतः उघडणारा माणूस आता नुसती मान डोलवायचा. मला वाटलं कंटाळले. वार्ताहरला वाटलं घरी काहीतरी बिनसलंय. चौथ्या बैठकीत चहा ओतताना ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अगं, त्या पोस्टमास्तरला विहिरीत नेमकं दिसलं काय?" विहिरीची गोष्ट तासाभरापूर्वीची होती. तेव्हापासून त्यांचा डॉक्टर जे जे वागला ते सगळं अंदाजानं.

काका डाव्या कानाला यंत्र लावतात हे आम्हाला माहीत होतं. स्पीकर कपाटावर होता, आणि कपाट काकांच्या खुर्चीच्या बरोबर मागे. नवी यंत्रं बोलणं आणि गोंगाट वेगळा काढायचा प्रयत्न करतात, पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत असताना आणि मागून सतत पाऊस कोसळत असताना ते बिचारं तरी काय वेगळं काढणार? हो, पाऊस. 'संशय' यादीचा पाया म्हणून मी सगळीकडे पावसाचा आवाजपट घातला होता. भीतीच्या खेळात पहिल्यांदा सगळे हाच लावतात, आणि निरुपद्रवी वाटणारा हाच आवाज सगळ्यांत घातक ठरला. पावसाची सरसर सगळ्या पट्ट्यांवर पसरलेली असते, अगदी वरपर्यंत. बोलण्यातले स्वर खालच्या भागात असतात. स, श, च, ठ, त ही व्यंजनं एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात ती वरच्या भागामुळे, साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरच्या. वयानं कान जातात तेही वरून. म्हणजे काकांकडे जे आधीच कमी होतं नेमक्या त्यावर मी पाऊस पाडत होते. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

शंभराच्या फाशांच्या खेळात याचा अर्थ काय होतो, त्याचा एकच नमुना देते. पोस्टमास्तरचा कानोसा घेण्याचा आकडा ६५. त्यानं फासे टाकले, "एकोणसाठ" म्हणाला, जमलं, आणि त्याला भिंतीआडची कुजबुज ऐकू आली. काकांनी ऐकलं "एकोणसत्तर". त्यांच्या हिशेबानं तो चुकला होता, भिंतीआड काहीच नव्हतं. पुढचा अर्धा तास डॉक्टर त्या भिंतीला पाठ लावून बसला आणि आम्ही सगळे त्याच्या धैर्याचं कौतुक करत होतो.

भर म्हणून माझा हात सतत आवाजाच्या बटणावर. लोक मोठ्यानं बोलतायत, संगीत ऐकू येत नाही, वाढव. वाढवलं की लोक आणखी मोठ्यानं बोलतात. एतिएन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये हेच लिहून ठेवलं आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, ठरवून नाही. लग्नाच्या हॉलमध्ये बँडशेजारी बसून सोयरिकीच्या गोष्टी केलेल्या कुणालाही त्यासाठी फ्रेंच डॉक्टर लागणार नाही. पण स्वतः ते करत असताना लक्षात येत नाही हे खरं. चौथ्या बैठकीच्या शेवटी आम्ही पाचही जण घसा खरवडून बोलत होतो आणि मी समजत होते की प्रसंग रंगलाय.

त्या पावसाचा आणखी एक बळी सांगायलाच हवा. पोस्टमास्तरच्या आई, आमच्या काकू, मार्चमध्ये गच्चीवर कुरडया वाळत घालतात. आमची बैठक तेव्हा दुपारची होती. काकू आतल्या खोलीत पडल्या होत्या, मी पाऊस लावला, आणि दोन मिनिटांनी त्या "अगं बाई, अवकाळी!" म्हणत जिन्यावरून गच्चीकडे धावल्या. वर कडक ऊन. खाली आल्या तेव्हा हातात अर्धवट वाळलेल्या कुरडयांची चादर होती आणि चेहऱ्यावर जे होतं त्याला आमच्या खेळातल्या कुठल्याच फाशानं उत्तर देता आलं नसतं.

सहाव्या बैठकीआधी मी सातही याद्या पुसल्या. चारच आवाज ठेवले: समुद्राची गाज, कौलांवरचा पाऊस, विहिरीच्या रहाटाची कुरकुर आणि ग्रामोफोन. चारही आवाज पात्रांना ऐकू येणारे. जे पडवीत उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर पडत नाही ते खोलीत वाजणार नाही, हा नियम. म्हणजे चिठ्ठी हातात पडली तरी ती त्याच पात्राच्या नावची.

स्पीकर कपाटावरून काढला आणि टेबलाच्या माझ्या बाजूला, सूत्रधाराची टिपणं झाकणाऱ्या माझ्या पडद्याआड ठेवला. म्हणजे काकांना माझं बोलणं आणि आवाज एकाच दिशेनं येणार, बाकी सगळी खोली शांत. पावसाचा वरचा भाग इक्वलायझरवर कापून टाकला. गंमत म्हणजे त्यामुळे पाऊस जास्त खरा झाला. दारं-खिडक्या लावून आत बसलेल्या माणसाला पाऊस तसाच ऐकू येतो, जाड, घुमटलेला. सरसर ऐकू येते ती अंगणात उभं असल्यावर. आधीचा माझा पाऊस वाड्याच्या आत पडत होता म्हणायचा.

आवाज किती ठेवायचा हे ठरवायला यंत्र वापरलं नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला खलाशी पाठमोरा होऊन नेहमीच्या आवाजात आकडे म्हणायचा: साठ, आठ, सात, एकोणसाठ, एकोणसत्तर, सदतीस, सदुसष्ट. काका लिहून घ्यायचे. दहापैकी दहा बरोबर येईपर्यंत मी आवाज एकेक पायरीनं खाली आणला. आधी मी सोळापैकी नवव्या पायरीवर असायचे. जुळलं ते तिसऱ्यावर. तिसऱ्या पायरीवर गाज जेमतेम असते, बंद झाली की कळतं, चालू असताना नाही. वार्ताहर म्हणाली, "हा आता तंबोऱ्यासारखा झाला. जुळलेल्या."

सहाव्या बैठकीत मध्यरात्रीचा प्रसंग आला. विहिरीवर कुणी नाही हे सगळ्यांना माहीत. मी काहीही न बोलता रहाटाची कुरकुर सोडली. एकदा. थांबले. पुन्हा एकदा. पोस्टमास्तर बोलता बोलता थांबला. खलाशानं त्याच्याकडे पाहिलं. वार्ताहर कुजबुजली, "रहाट." आणि काका आजूबाजूला बघत म्हणाले, "कसला आवाज? मला तर काही ऐकू येत नाहीये."

तिघांच्या अंगावर काटा आला. मला दिसला. आवाज तिघांनाच येतोय, चौथ्याला येत नाही, म्हणजे तो रहाट खरा आहे की... वर्षभरातला तो सगळ्यांत चांगला क्षण होता आणि मी तो ठरवून आणलेला नव्हता. रहाटाची कुरकुर चिरकी, उंच पट्टीतली. पाऊस कापताना मी काकांच्या कानाचा विचार केला, रहाट निवडताना तो माझ्या डोक्यातून निघून गेला. त्यांना खरंच काही ऐकू आलेलं नव्हतं.

बैठकीनंतर मी त्यांना ते सांगितलं आणि माफी मागितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग पात्राचा कागद पुढे ओढला, 'ऐकणे' या रकान्यातला ५० खोडून २० केला, आणि सुटलेले गुण 'मानसशास्त्र' या रकान्यात टाकले. "डॉक्टरला ऐकू कमी येतं," म्हणाले, "म्हणून तो चेहरे वाचतो. मला आधी विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी लिहिलं असतं." हे त्यांनी चिडून म्हटलं की नाही, ते मला आजही नीट ठरवता आलेलं नाही. त्यानंतर खूण देणारा कुठलाही आवाज मी आधी फोनवरून त्यांना ऐकवते. ऐकू आला नाही तर तो घेत नाही, किंवा ते म्हणाले तर मुद्दाम घेते.

चौथा आवाज ग्रामोफोनचा. वाड्याच्या दिवाणखान्यात चावीचा ग्रामोफोन आणि एकच तबकडी. खेळाडूंपैकी कुणी "मी चावी देतो" म्हटल्याशिवाय तो वाजत नाही. चालू करायची सत्ता माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे. तबकडीची एक बाजू सरते तीन-साडेतीन मिनिटांत, त्यामुळे आपोआप घड्याळ तयार झालं. गाणं चालू असेतो माळ्यावरचं पाऊल थांबतं हे त्यांनी दुसऱ्या फेरीत ओळखलं, आणि मग तीन मिनिटांत वर जाऊन खाली यायचं अशी शर्यत लागली. आवाजाला तो पत्र्याचा, दूरचा सूर यावा म्हणून स्पीकर बंद करून फोन काकूंच्या पितळी तांब्यात उभा केला. सगळ्या अ‍ॅप्सपेक्षा तो तांब्या सरस ठरला.

तबकडी गौहर जानची निवडली. भारतातल्या पहिल्या काही ध्वनिमुद्रणांत तिची गाणी आहेत, १९०२ मध्ये कलकत्त्यात झालेली. तेव्हा गाणं संपलं की गायिका इंग्रजीत आपलं नाव पुकारायची, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना लेबलावर काय लिहायचं ते कळायला हवं. वार्ताहरला हे ठाऊक नव्हतं. गाणं थांबलं, सुईची खरखर राहिली, आणि तांब्यातून एक उंच, खणखणीत बाई "माय नेम इज गौहर जान" म्हणाली. वार्ताहर खुर्चीतून अर्धी उठली. "हे तू घातलंस?" मी नाही म्हटलं. शब्दांचं गाणं लावू नये हा माझाच नियम इथे मोडला होता, आणि चालून गेलं, कारण गाणं चालू असताना कुणी बोलतच नव्हतं, सगळे जिना चढत होते. (इतक्या जुन्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे कुणी आपला खेळ चित्रित करून दाखवत असेल तर तीही चिंता नाही. गाजलेल्या सिनेमाचं संगीत लावून दाखवणाऱ्यांना ती असते.)

सगळं सुटलं असं नाही. खलाशाला ढोल हवे आहेत. त्याचं म्हणणं, शेवटच्या बैठकीत वाडा जळत असताना नुसती गाज आणि कौलं फुटल्याचे आवाज म्हणजे थोडं बेचव झालं, आणि त्याच्याशी मी पूर्ण असहमत नाही. पळापळीत निर्णय भराभर होतात, तिथे संगीतानं आधी काही सांगितलं तरी फारसं बिघडत नाही, कारण जे व्हायचं ते सगळ्यांना दिसतंच आहे. पुढच्या कथेत ढोल परत आणायचे ठरलंय, पण राक्षस दिसल्यानंतर. मारवाही परत आलाय, बैठक सुरू व्हायच्या आधी, लोक चपला काढत असताना, पोहे वाढले जात असताना. तेव्हा कुणाला काही ठरवायचं नसतं. वार्ताहर मुद्दाम पंधरा मिनिटं लवकर येते. मी मागच्या वेळची गोष्ट सांगायला तोंड उघडते तेव्हा तो थांबवते, आणि त्यावर ती दर वेळी कुरकुरते.

जूनमध्ये नवी कथा सुरू केली. पहिल्याच शनिवारी, मी फोन तांब्यात ठेवत होते तेवढ्यात बाहेर धो धो सुरू झालं. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात दोरीवरचे ओले कपडे नव्हते, नुसता पदर खोचलेला.

"आधी सांग," त्या म्हणाल्या, "हा खरा आहे की तुझा?"